खिशातला दुसरा हात

ही गोष्ट मी पहिल्यांदा घरात बोललो तेव्हा गौरम्मा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "तुम्ही कुणाला सांगू नका. तुमच्या तोंडून खरं निघालं तरी लोक हसतात."

तरीही सांगतो. हसू आलं तर हसून घ्या. सुरुवातीला मलाही आलं होतं.

घडलं ते याच वर्षी. मे महिन्यात, जुळे सोलापुरातल्या एका साध्या घरात.

आणि भर दुपारी.

भुतं रात्री येतात असं तुम्ही ऐकलं असेल. आमच्याकडे मे महिन्यात रात्री सगळं गाव गच्चीवर जागं असतं. दुपारी मात्र दारं बंद, कूलर चालू, माणसं आडवी. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. कुणाला यायचंच असेल तर याहून निवांत वेळ नाही.

घर चन्नवीरचं. चन्नवीर माझा मेहुणा, गौरम्माचा धाकटा भाऊ. विम्याच्या कचेरीतून लवकर निवृत्त झालेला. त्याची एकुलती एक मुलगी सृष्टी गिटार वाजवते. जूनमध्ये ती पुण्याला शिकायला जाणार होती आणि तिला सोबत स्वतःचा अ‍ॅम्प हवा होता. अ‍ॅम्प म्हणजे ज्यात गिटारची वायर खुपसली की शेजारी भांडायला येतात, तो डबा.

तो चन्नवीरने विजापूर वेशीजवळच्या आरिफच्या दुकानातून आणला. आरिफ जुनं सामान विकतो. अ‍ॅम्प लहानसा, व्हॉल्व्हचा. जुन्या रेडिओत काचेचे मिणमिणते दिवे असायचे ना, तेच हे व्हॉल्व्ह. आरिफचे चुलते लालसाब रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी तो स्वतः बनवलेला. लालसाब आता नाहीत.

आवाज गोड होता, पण जरा पातळ. ते चाललं असतं. न चालण्यासारखी गोष्ट वेगळीच होती... त्याला अर्थिंगच नव्हतं. जुनी, दोन पिनांची वायर.

चन्नवीरने मला समजावून सांगितलं. गिटारच्या तारा वायरीतून थेट डब्याच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. पत्र्यात कधी करंट उतरला, तर तो तारांत येणार.

आणि तारांवर सृष्टीची बोटं.

"मग मेकॅनिककडे दे की," मी म्हणालो.

"दाजी, हे नवशिक्यांचंच काम हाय. व्हिडिओतला माणूस म्हणतो तसं. व्हॉल्व्ह बदलायचा, एखादा कंडेन्सर बदलला की आवाज जाड होतो, आणि तीन पिनांची वायर टाकायची. अर्थिंग झालं की पोरीची काळजी मिटली."

"आणि तुझी?"

"मी एक हात खिशात ठेवतो की."

हा त्या व्हिडिओतल्या माणसाचा नियम. व्हॉल्व्हच्या डब्यातला करंट लई वाईट. प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये साठून राहतो. दोन्ही हात आत घातले तर एका हातातून शिरतो, छातीतून जातो, दुसऱ्यातून बाहेर पडतो. म्हणून काम उजव्या हाताने करायचं. डावा खिशात.

चन्नवीरने हा नियम इतका मनावर घेतला की ताक पितानाही त्याचा डावा हात खिशात असायचा.

आता सोल्डरिंगला, म्हणजे वायरी डाग देऊन जोडायला, हात जास्त लागतात. गरम कैची धरायला... चुकलो, कैची नव्हे, ती टोकाला तापणारी सोल्डरिंगची दांडी. ती एका हातात, वितळणारी तार दुसऱ्यात. चन्नवीरकडे शिल्लक एकच. त्यामुळे तो त्यांच्या घराण्याच्या रीतीप्रमाणे मान न वळवता ओरडायचा.

"धर गं!"

त्या घरात नाव घेत नाहीत, मागे वळून बघत नाहीत. शिडी असो, भाजीची पिशवी असो, नाहीतर तान्हं पोर असो. नुसतं "धर" म्हणायचं आणि हात पुढे करायचा. जो जवळ असेल तो धरतो. गौरम्माही तशीच. लग्न झाल्यापासून मी काय काय धरलंय ते विचारू नका.

चन्नवीरची बायको तेव्हा माहेरी, मंद्रूपला गेलेली. घरात तो आणि सृष्टी. आणि दुपारपुरता मी, कारण माझ्या कूलरची मोटर जळली होती.

पहिल्या दिवशी मी कूलरसमोर पेपर वाचत बसलो होतो. चन्नवीर खिडकीपाशी टेबलावर, माझ्याकडे पाठ करून.

"धर गं."

पेपरच्या कडेवरून मला एक हात पुढे जाताना दिसला. सोल्डरची तार त्याने नीट धरली. धूर निघाला. जोड बसला.

"सोड."

हात मागे गेला. मी पान उलटलं.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं... आणि सृष्टी बर्फाची पिशवी घेऊन बाहेरून आत आली.

"काय ऊन आहे मामा! कोपऱ्यापर्यंत जाऊन आले तर डोकं फिरलं." आत्याचा नवरा म्हणजे आमच्याकडे मामाच.

चन्नवीरने पहिल्यांदाच मान वळवली. तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"दाजी, आता तुमीच धरलं की."

"मी पेपर धरला होता. दोन्ही हातांनी."

तो हसला. मीही हसलो. माझ्या वयाच्या माणसाने थट्टा केली, असं समजून तो पुन्हा कामाला लागला.

मी मात्र पुढची कोणती बातमी वाचली ते आजही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने नवा व्हॉल्व्ह बसवून अ‍ॅम्प चालू करून बघितला. गिटार जोडलेली नव्हती. स्पीकरमधून नुसता हूं... असा आवाज.

मग त्यात एक बारीक किणकिण आली.

"हे काय?"

"व्हॉल्व्हला कान असतो, दाजी. जुना व्हॉल्व्ह आसपासचं ऐकतो. पेन्सिलनं टिचकी मारली तरी स्पीकरमधनं वाजतं."

"पण तू तर नवा बसवलास."

चन्नवीर वाकून व्हॉल्व्हकडे बघू लागला.

किणकिण चालूच. थांबायची... पुन्हा यायची. कुणीतरी काम करताना हात हलवावा तशी.

सृष्टी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आई आली का? बांगड्या वाजल्या."

आई मंद्रूपला. सृष्टीच्या मनगटावर फक्त एक काळा दोरा. मी सोन्याचं घड्याळ घालतो, ते वाजत नाही, कारण ते सोन्याचं नाही आणि चालतही नाही.

चन्नवीरने अ‍ॅम्प बंद केला. व्हॉल्व्हचा प्रकाश हळूहळू विझला.

किणकिण त्यानंतर थांबली. लगेच नाही.

तिसऱ्या दिवशी मी जाणार नव्हतो. पण सोलापूरचं ऊन माणसाला शूर करतं. गेलो.

चन्नवीर टेबलापाशी उभा होता. उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर. सवयीने त्याने डावा हात पँटच्या खिशात घातला.

आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला.

"काय झालं?"

"दाजी..." त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "खिशात हात हाय."

"असणारच. तुझाच."

"माझा बाहेर हाय."

त्याने तो मला दाखवला. पाची बोटं पसरून.

मग आम्ही दोघांनीही त्याच्या खिशाकडे बघितलं. खिसा जरा फुगलेला होता. आत काहीतरी एकदा हललं. मूठ उघडून मिटावी तसं.

आणि खिसा सपाट झाला.

त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, मी आणि चन्नवीर आरिफकडे गेलो. आरिफ पंखे मांडत होता. अ‍ॅम्पचं नाव काढताच त्याने हातातलं पातं खाली ठेवलं.

"सर, तुम्ही तो उघडला काय?"

"सुधारतोय जरा."

"मी बोललो होतो ना, बजाते रहो. उघडायला कुठं बोललो?"

"लालसाब कसे गेले?" मी विचारलं.

"चच्चा? म्हातारे होऊन, बिछान्यावर. आरामात. तुम्हाला चच्चाचं नाही, अमिना चाचीचं विचारायला पाहिजे."

मग त्याने सांगितलं. लालसाबचा डावा हात तरुणपणीच लूमच्या पट्ट्यात गेला. मनगटापासून. नंतर ते रेडिओच्या कामाला लागले. एका हाताने. दुसरा हात म्हणजे अमिना चाची. लालसाबने नुसतं "हं" म्हटलं की चाची धरायची. तार, बॅटरी, व्हॉल्व्ह, काय असेल ते. हा अ‍ॅम्पही दोघांनी मिळून बनवलेला.

"सगळा मोहल्ला हसायचा. चच्चा चहा पिताना 'हं' करायचे तरी चाची बशी धरायची."

आरिफ हसला, आणि मध्येच थांबला.

"एक दिवस हाच डबा उघडा होता. चालू होता. पत्र्यात करंट उतरला होता, चच्चाला माहीत नव्हतं. 'हं' बोलले. चाचीने धरलं."

चन्नवीरने माझा दंड पकडला.

"करंट लागला की हात सुटत नाही, सर. चच्चा ओढत होते. एका हाताने कसं ओढणार? सुटलाच नाही."

मी विचारलं, "ती... कशी होती? स्वभावाने?"

आरिफने खाली ठेवलेलं पातं पुन्हा हातात घेतलं.

"लई चांगली. पण एक होतं. चच्चाजवळ दुसऱ्या कुणी काही धरलेलं तिला चालायचं नाही."

घरी येताना चन्नवीर म्हणाला, "डबा उद्या परत देऊन टाकतो."

घरी सृष्टीने ऐकून घेतलं नाही. हात पुसत ती बाहेर आली आणि बापासमोर उभी राहिली. "अप्पा, असा आवाज मला दुसऱ्या कशातच मिळाला नाही. भुताच्या गोष्टी सांगून डबा पळवू नका. तुम्ही अर्थिंग नाही केलं तर मी असाच घेऊन जाईन. अर्धवटच."

ती खरंच गेली असती. बापावर गेली आहे.

म्हणजे आता काम सोडताही येईना. डबा उघडा ठेवला तर अमिना चाचीची भीती. अर्धवट बंद केला तर पोरगी तारांना हात लावणार. उरलं होतं एकच काम, अर्थिंगची हिरवी वायर डब्याच्या पत्र्याला सोल्डर करायची. तेवढी एक वायर बसली की सृष्टी वाचली.

"करतो," चन्नवीर म्हणाला. "पण तोंड उघडणार न्हाई. कुणाला धर म्हणणार न्हाई. आणि सृष्टीला खोलीत येऊ द्यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी सृष्टीला आतल्या खोलीत पाठवलं. चन्नवीर टेबलाशी. मी भिंतीला टेकून, दोघांच्या मधे.

तीन पिनांची नवी वायर त्याने दोन दिवसांपूर्वीच जोडली होती, ती आता दांडी तापेपर्यंत चालवून बघितली. फक्त हिरवी मोकळी होती. दांडी चांगली तापली.

आणि लाईट गेली.

कूलर घरघरत थांबला. घरात एकदम शांतता. मे महिन्यात लाईट जाणं ही सोलापुरात बातमी नाही.

"बरं झालं," चन्नवीर हळूच म्हणाला. "आता करंटचा प्रश्नच न्हाई. दांडी गरम हाय तोवर उरकतो."

इथे आमच्याकडून चूक झाली. सोलापूरच्या माणसाकडूनच होईल अशी चूक. लाईट नाही म्हणजे करंट नाही, हे आमच्या हाडात बसलेलं. पंख्यात हात घालतो, मिक्सर उघडतो. त्यामुळे प्लगकडे कुणी बघितलंच नाही.

डब्याचा प्लग अजून भिंतीतच होता. बटण चालू होतं.

साठलेला करंट त्याने आधी नियमाने उतरवून घेतला. मग दांडी पत्र्यावर टेकवली. पत्रा मोठा, सगळी उष्णता पिऊन टाकत होता. हिरवी वायर सरकत होती. सोल्डरची तार त्याने दातांत धरली. वायर पुन्हा सरकली. घाम डोळ्यांत जात होता. दांडी गार होत चालली होती.

पुन्हा सरकली.

"अय्यो... धर की जरा!"

बोलून गेला तो. रागाने, सवयीने. मान न वळवता.

आणि आतल्या खोलीचं दार उघडून सृष्टी पुढे झाली. तीही सवयीनेच. त्या घरात "धर" ऐकू आलं की पाय आपोआप चालतात.

मी तोंड उघडलं...

कूलर सुरू झाला.

लाईट आली होती.

अ‍ॅम्पमधून किणकिण आली. मोठ्याने. नीट ऐका, हे महत्त्वाचं आहे. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. लाईट आल्या आल्या त्या स्पीकरमधून काही वाजणं शक्यच नव्हतं. व्हॉल्व्ह अजून काळे होते.

सृष्टीचा डावा हात डब्याच्या पत्र्यापासून बोटभर अंतरावर होता.

आणि तिथेच थांबला.

तिने थांबवला नव्हता. तिचा चेहरा मला दिसत होता. तिच्या मनगटावरची कातडी चार ठिकाणी आत दबली होती... बोटांनी दाबावी तशी. बोटं मात्र नव्हती.

चन्नवीर ओरडला. त्याने तिच्या खांद्याला धरून मागे खेचलं. मी भिंतीकडे धावलो आणि प्लग उपटला. माझ्या वयात मी इतका जोरात फक्त आमंत्रणाच्या पंगतीकडे धावतो.

सगळं शांत झालं. सृष्टी जमिनीवर बसली होती. मनगट चोळत.

"मला मागे ओढलं," ती म्हणाली. "कुणीतरी मागे ओढलं, अप्पा. म्हणून वाचले."

चन्नवीर पांढराफटक पडला होता. "न्हाई. मी बघितलं. तुला पुढं ओढत होतं. डब्याकडं. मी खेचलं म्हणून..."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी मधे उभा होतो. सगळ्यात नीट मलाच दिसलं होतं.

"चष्म्यावर घाम आला होता," मी म्हणालो.

घाम आला नव्हता. मी बघितलं. तो हात तिला पुढेही ओढत नव्हता आणि मागेही ओढत नव्हता.

त्याने फक्त धरलं होतं. कुणी धर म्हटल्यावर धरतात तसं.

नंतर टॉर्च लावून डबा बघितला. हिरवी वायर पत्र्याला पक्की बसलेली होती. जोड गोल, चकचकीत. चन्नवीर शपथेवर सांगतो, त्याने तो केला नाही. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका मेकॅनिककडून तपासून घेतला. त्याने मीटर लावला आणि म्हणाला, अर्थिंग उत्तम आहे, आता लहान मुलाने हात लावला तरी चालेल.

मग नाही म्हणायला कारणच उरलं नाही. जूनमध्ये सृष्टी अ‍ॅम्प घेऊन पुण्याला गेली. मनगटावरच्या खुणा तोवर फिक्या झाल्या होत्या. पुऱ्या गेल्या नव्हत्या.

तिने खोली एकटीने घेतली आहे. चन्नवीर रोज सकाळी मला फोन करून विचारतो, "दाजी, पोरगी ठीक असंल न्हवं?" मी ठीकच आहे म्हणतो. या रविवारपर्यंत तसं मनापासून म्हणत होतो.

रविवारी संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी आणि गौरम्मा दोघं फोनसमोर बसलो. पलंग, खिडकी, मागे तो डबा, व्हॉल्व्ह तांबूस पेटलेले. सृष्टी स्टुलावर बसून वाजवत होती. छान वाजवत होती. आवाज जाड आणि गोड.

गौरम्मा डोलत होती. मीही.

मग सृष्टी वाजवता वाजवता उठली आणि खिडकीपाशी गेली.

चित्रही तिच्याबरोबर खिडकीपाशी गेलं.

तिचा एक हात गिटारच्या मानेवर होता. दुसरा तारांवर.

ती वाजवायची थांबली. कॅमेऱ्याकडे नाही, कॅमेऱ्याच्या जरा वर बघून म्हणाली, "थोडं खाली धरा ना. मामांना बोटं दिसत नाहीयेत."

चित्र हळूच खाली आलं.

"मैत्रीण आहे का गं?" गौरम्माने विचारलं. "तिलाही दाखव की."

सृष्टीने पुन्हा वर बघितलं. काहीतरी ऐकलं. मग हसून मान हलवली.

"नको म्हणतायत."

"लाजाळू दिसते," गौरम्मा मला म्हणाली.

मला विचारायचं होतं, बाळा, मनगट दाखव. पण तोवर सृष्टी म्हणाली, "ठेवते मामा, जेवायचंय," आणि तिने आम्हाला हात हलवून टाटा केला. दोन्ही हातांनी.

मग कुणीतरी फोन बंद केला.